समजुतींचे नीतिशास्त्र

एखादी गोष्ट खरी मानण्यालाही नैतिक बंधने असतात काय, याचा विचार. त्याला आधुनिक रूप दिले ते इंग्रज गणितज्ञ विल्यम किंग्डन क्लिफर्ड (१८४५–७९) यांच्या १८७७ मधील निबंधाने. त्यातील जहाजमालक आपले जुनाट जहाज भक्कम असल्याची मनाची समजूत घालतो आणि स्थलांतरितांना घेऊन ते समुद्रात सोडतो. जहाज बुडते. ते सुखरूप पोहोचले असते तरी मालक तितकाच दोषी ठरला असता, हे क्लिफर्ड यांचे खरे धाडसी विधान. कारण हाती असलेल्या पुराव्यावर तसे मानण्याचा त्याला अधिकारच नव्हता.

समजूत इच्छेनुसार बदलता येत नाही, मग तिच्याबाबत कर्तव्य कसले, हा आक्षेप वजनदार आहे, पण निर्णायक नाही. समजूत हुकमी बदलत नसली तरी चौकशी करणे किंवा शंका दडपणे माणसाच्या हाती असते, आणि मालकाने शंकाच दडपल्या. पुरावा निकाल देऊ शकत नाही आणि निवड टाळता येत नाही, तेथे अंतःप्रेरणेने ठरवणे रास्त, असे अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये मांडले. ही सवलत मान्य करावी. जहाजमालकाला मात्र ती लागू होत नाही, कारण जहाजाची तपासणी करणे शक्य होते.