‘एस’, ‘आरएस’ आणि मध्यम काव्य

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) सुमारे पासष्ट कोटी रुपयांच्या दीडशे मर्सिडीज गाड्या एकगठ्ठा विकल्या गेल्या. मराठवाड्याचे मागासलेपण शिकवणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना ती बातमी पचायला जड गेली होती. अलीकडे आमच्या स्टाफरूममध्ये वाद झाला तो मात्र एका अक्षराचा. आलिशान एसयूव्हीच्या पाठीवर ‘एस’ असले, की ती खऱ्या वेगवान गाड्यांच्या कुळातली ठरते काय?

अक्षरांनाही इतिहास असतो. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला. पुढे तेथेच ऑडीच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या, ‘क्यू५’ त्यांतलीच. स्कोडाने ‘आरएस’ ही अक्षरे शर्यतीत कमावली होती : ‘१३० आरएस’ १९७७ च्या मोंटे कार्लो रॅलीत आपल्या गटात पहिली आली. २००४ मध्ये ‘ऑक्टाविया आरएस’ भारतात आली तेव्हा मात्र युरोपातली १८० अश्वशक्ती येथे १५० वर उतरली होती. शब्द तोच, अर्थ उणावलेला!

ऑडीची उतरंड तीन पायऱ्यांची. ‘एस लाइन’ हा मुख्यतः वेशभूषेचा मामला, ‘एस’मध्ये इंजिनच अधिक बलवान, ‘आरएस’ सर्वांत वरची. २०१२ ची ‘एसक्यू५’ ही ऑडीची पहिली डिझेल ‘एस’ : सहा सिलिंडर, ३१३ अश्वशक्ती, शून्यापासून शंभरचा वेग ५.१ सेकंदांत. तरीही आमच्यातले शुद्धतावादी म्हणतात, उंच बांधा आणि दोन टनांच्या आसपासचे वजन वळणावर लपत नाही.

आम्हांला येथे मम्मट आठवतो. त्याने काव्याचे उत्तम, मध्यम आणि अवर असे भेद केले. मध्यमात, म्हणजे गुणीभूतव्यंग्यात, व्यंग्यार्थ असतो, पण वाच्यार्थापुढे गौण ठरतो. ‘एसक्यू५’मध्येही वेग आहे, तो कुटुंबाच्या आणि सामानाच्या सोयीपुढे गौण आहे, इतकेच. मध्यम काव्याला मम्मटाने काव्याच्या बाहेर घालवले नाही. आम्हीही या गाडीला घालवणार नाही. ‘एस लाइन’ला मात्र चित्रकाव्यापलीकडे जागा देता येत नाही, मग तिचे बंपर कितीही अनुप्रासयुक्त असोत.

येथल्या २००४ च्या ‘आरएस’ला कोठे बसवावे, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.