डिस्कमन : आपल्या पिढीचं छोटं पान



गाणं ऐकण्याच्या इतिहासात हातात धरायच्या सीडी प्लेअरचं पान फार लहान आहे. आपल्या परभणीत तर ते अर्धंच. पण ते आपल्या पिढीच्या वाट्याला आलं, म्हणून त्याची इथे नोंद.

आईवडिलांच्या काळात घरात आकाशवाणी परभणी होती, १३०५ किलोहर्ट्झवर. कोणतं गाणं लागणार, ते केंद्र ठरवायचं. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि निवड ऐकणाऱ्याच्या हाती गेली. १९८२ मध्ये सीडी आली, आणि १९८४ मध्ये सोनीनेच डी-५० हा हातात मावणारा प्लेअर काढला. त्याचाच पुढे डिस्कमन झाला. आपल्याकडे तो दिसायचा तो बहुधा कुणाच्या पुण्या-मुंबईच्या नाहीतर आखातातल्या मामा-काकांच्या कृपेने.

१२ सेंटिमीटरची तबकडी, ७४ मिनिटांचं संगीत. लेझरचा किरण खालून सूक्ष्म खाचा वाचायचा; त्यामुळे फीत गुंतणं नाही, पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळणं नाही. पण धक्का त्याला सोसत नसे. गंगाखेड रस्त्यावर एसटी खड्ड्यात गेली की गाणं अडखळलंच. पुढच्या प्लेअरमध्ये काही सेकंदांचं गाणं आधीच वाचून साठवण्याची सोय आली. आपले खड्डे मात्र त्या सेकंदांनाही पुरून उरले!

मग संगणकावर सीडी लिहिता येऊ लागली. एमपीथ्रीमुळे एका सीडीत शंभराहून जास्त गाणी बसली. पाठोपाठ मेमरी कार्डाचे मोबाइल आले आणि डिस्कमन कपाटात गेला. कित्येक घरांनी तर कॅसेटवरून थेट मोबाइलवर उडी मारली.

हे सगळं आज सांगायचं कारण वेगळंच आहे. स्नेहसंमेलनं, निरोप समारंभ आपण त्याच कोऱ्या सीडींवर उतरवून घेतले. कारखान्यातल्या सीडीत खाचा ठशासारख्या उमटवलेल्या असतात. घरी लिहिलेल्या सीडीत मात्र रंगद्रव्याचा थर असतो. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी तो खराब होतो, आणि परभणीचा मे महिना आपल्याला ठाऊकच आहे. जे सर, ज्या बाई आज आपल्यात नाहीत, त्यांचे आवाज कदाचित त्या थरातच उरले असतील.

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत जुनी सीडी सापडली, तर ती भंगारात टाकू नका. सीडी ड्राइव्ह असलेला संगणक शोधा, जे वाचता येईल ते उतरवून घ्या आणि एक प्रत शाळेला द्या. गाणी काय, पुन्हा कुठेही मिळतील.