गुन्हेगार प्रोफायलिंग

घटनास्थळ, गुन्ह्याची पद्धत, बळीची निवड व शवविच्छेदनातील नोंदी यांवरून अज्ञात गुन्हेगाराचे वय, स्वभाव, व्यवसाय, वास्तव्य यांविषयी अनुमान काढण्याची तपासपद्धती. संशयितांची यादी आवाक्यात आणणे हा तिचा उद्देश. प्रोफाइल हा पुरावा नव्हे.

इतिहास : लंडनमधील ‘जॅक द रिपर’ खुनांवर डॉ. टॉमस बाँड यांनी १८८८ मध्ये दिलेला अभिप्राय हे आरंभीचे उदाहरण मानतात. अमेरिकेत एफबीआयने १९७२ मध्ये वर्तनविज्ञान कक्ष स्थापन केला. तेथील अधिकाऱ्यांनी ३६ खुन्यांच्या मुलाखतींवरून ‘संघटित’ व ‘असंघटित’ अशी वर्गवारी रूढ केली. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १०० खुनांवर ती पडताळली. ती टिकली नाही.

मेटेस्की प्रकरण : न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९५६ या काळात ३३ बाँब ठेवण्यात आले, २२ फुटले, १५ जण जखमी झाले. मनोविकारतज्ज्ञ जेम्स ब्रसेल यांनी आरोपी दुहेरी बटनांचा कोट घालत असेल, असे भाकीत केल्याची कथा प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात जॉर्ज मेटेस्कीचे नाव वीजकंपनीच्या जुन्या नुकसानभरपाईच्या फायलीत सापडले. बाँबवाल्याच्या पत्रांतील शब्दप्रयोग त्या फायलीत अ‍ॅलिस केली या लिपिक महिलेने ओळखले. जानेवारी १९५७ मध्ये त्याला अटक झाली. या शोधाचे श्रेय प्रथम दप्तराला जाते.

उपयुक्तता : लंडनच्या ‘रेल्वे’ बलात्कार व खून प्रकरणात (१९८६) कँटर यांच्या प्रोफाइलमुळे जॉन डफीकडे लक्ष वेधले, त्याचे नाव पोलिसांच्या यादीत आधीपासून होते. ब्रिटनमधील १८४ प्रकरणांच्या पाहणीत (१९९५) बहुसंख्य तपास अधिकाऱ्यांनी सल्ला उपयुक्त ठरल्याचे सांगितले. मात्र त्यामुळे गुन्हेगाराची ओळख पटली, असे केवळ २.७ टक्के प्रकरणांत आढळले. अधिकाऱ्याचे समाधान हा अचूकतेचा निकष मानता येत नाही.

दुरुपयोग : विम्बल्डन कॉमन खून प्रकरणात (१९९२) प्रोफाइलशी जुळतो म्हणून एका निरपराध माणसाभोवती पोलिसांनी सापळा रचला. १९९४ मध्ये न्यायालयाने त्यातून मिळवलेला पुरावा फेटाळला व खटला कोसळला. हा निरपराध माणूस कोठडीत असतानाच, १९९३ मध्ये, खऱ्या गुन्हेगाराने एका आईचा व तिच्या लहान मुलीचा जीव घेतला. विम्बल्डनच्या गुन्ह्याची कबुली त्याने २००८ मध्ये दिली. प्रोफाइलवरून माणूस ठरवून मग पुरावा शोधू नये, हा या प्रकरणाचा धडा प्रत्येक तपास अधिकाऱ्याने गांभीर्याने घ्यावा.

भौगोलिक प्रोफायलिंग : गुन्ह्यांच्या ठिकाणांवरून गुन्हेगाराच्या वास्तव्याचा अंदाज बांधण्याचे हे तंत्र कॅनडातील किम रॉस्मो यांनी १९९० च्या दशकात विकसित केले.