वैनगंगेचे पाणी आणि माशाचा वंश

आमचे शहापूर भंडाऱ्याजवळ, नागपूरच्या रस्त्यावर वसलेले. या जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नव्हे. कोहळ्यांनी बांधलेले तलाव, त्यांच्या पाळी, पाळीखालचे धान आणि त्या पाण्यावर पोट भरणारा ढिवर, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व तलाव सरकारजमा झाले; तरी ढिवराचे जाळे त्याच पाण्यात पडत राहिले. तेव्हा मासा वाढतो कसा आणि वाढेनासा होतो कसा, हा आमच्याकडे केवळ शास्त्राचा नव्हे, तर पोटाचा प्रश्न आहे.

रोहू, कटला आणि मृगळ हे मासे तलावात वाढतात, परंतु साचल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी हे कोडे सोडविले. माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क त्यांनी दुसऱ्या माशांस टोचला, आणि पूर नसताही माशांनी अंडी घातली. आज देशभर तळ्यांत सोडले जाणारे बीज बहुतांशी याच मार्गाने तयार होते. या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली. माशाचा वंश शरीरातील एका रसाच्या हुकुमाने चालतो, आणि तो रस लागतो अगदी किंचित. त्यास शास्त्रात संप्रेरक किंवा हार्मोन म्हणतात.

जो हुकूम सुईने देता येतो तो पाण्यातूनही जाऊ शकेल, हे ध्यानी यावयास मात्र आणखी काही वर्षे जावी लागली. १९३८ साली युरोपात स्त्री-संप्रेरकासारखी दोन कृत्रिम द्रव्ये तयार झाली. लंडनला डॉड्स यांच्या चमूने डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल बनविले, व बर्लिनला एथिनिल एस्ट्रॅडिऑल निघाले. दुसरे पुढे संततिनियमनाच्या गोळीत गेले. शरीरातून ते मूत्रावाटे गटारात आणि गटारातून नदीत जाते. तथापि सर्व भार गोळीवर टाकणे अन्यायाचे होईल. माणसांच्या शरीरात निसर्गतःच असणारी संप्रेरके सांडपाण्यात असतातच. शिवाय गिरण्यांतील धुण्याच्या द्रव्यांतून निघणारे नॉनिलफिनॉलही माशाच्या शरीरात त्याच रसाचे सोंग घेते.

१९७० नंतरच्या दशकात इंग्लंडात सांडपाणी शुद्धीकरणाच्या तळ्यांत गळ टाकणाऱ्यांस काही मासे अर्धे नर, अर्धे मादी असे आढळू लागले. पुढे शास्त्रज्ञांनी अशा पाण्यात पिंजऱ्यांतून नर ट्राउट मासे ठेवले. अंड्याच्या बलकासाठी मादीच्या रक्तात असणारे प्रथिन त्या नरांच्या रक्तात भरून आले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर काही नद्यांत सांडपाण्याच्या मुखाखाली पकडलेल्या रोच जातीच्या एकूण एक नरांत असा बिघाड दिसला.

यावर कोणी म्हणेल, बिघाड असेल, पण मासे तर आहेत ना? याचे उत्तर कॅनडाने दिले. २००१ ते २००३ या काळात तेथील एका प्रयोगाच्या सरोवरात एथिनिल एस्ट्रॅडिऑल लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम, एवढेच ठेवण्यात आले. आपल्या मापाने सांगावयाचे तर अडीचशे एकरांच्या, मीटरभर खोल तलावात पाच-सहा ग्रॅम! तेवढ्याने फॅटहेड मिनो नावाचा लहान मासा तेथून जवळजवळ नाहीसा झाला. मेलेल्या माशांचा खच पडला नाही. नवी पिलेच येईनाशी झाली.

आता आपल्या दारी येऊ. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून वैनगंगेत उतरते. २२ एप्रिल १९८८ रोजी ज्याची पायाभरणी झाली, ते गोसीखुर्दचे धरण आज ते पाणी अडवून धरते. मोठ्या शहराच्या सांडपाण्याबरोबर वर सांगितलेली द्रव्येही येतात, हा जगाचा अनुभव आहे. मग आपण मोजतो काय? आपल्या देशात १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याच्या प्रती ठरविल्या. त्यांत मत्स्यवाढीस योग्य अशी 'ड' प्रत आहे. तिच्या कसोट्या तीन: आम्ल-अल्कतेचा अंक साडेसहा ते साडेआठ, लिटरमागे विरघळलेला प्राणवायू निदान चार मिलिग्रॅम, आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत. संप्रेरकांचे नावही नाही.

आम्ही कामगार चळवळीतले लोक. आम्हांस हा हिशेब ओळखीचा वाटतो. गडी उद्या कामावर उभा राहील एवढी मजुरी देऊन मालक म्हणतो, भागते आहे ना! त्याची पोरे कशी वाढतील हे त्या हिशेबात नसते. 'ड' प्रतीचे पाणी मासा आज श्वास घेईल की नाही एवढेच सांगते. त्याचा वंश चालेल की नाही, हे सांगत नाही.

उपाय नाही असेही नव्हे. इंग्लंडात एअर नदीकाठच्या लोकर उद्योगाने नॉनिलफिनॉल देणारी द्रव्ये कमी केली, तेव्हा तेथील नर माशांवरील परिणामही उतरला. कॅनडाच्या सरोवरात औषध सोडणे थांबल्यावर काही वर्षांनी मिनो परत आला. म्हणून मागणी स्पष्ट असावी. सांडपाणी शुद्ध झाल्यावाचून नदीत येऊ नये. वैनगंगेच्या नर माशांचे रक्त तपासून त्यात बलकाचे प्रथिन आहे काय, हे दरवर्षी जाहीर व्हावे. आणि ढिवरांच्या सहकारी संस्थांनी जाळ्यात कोणती जात आली, अंडी भरलेल्या माद्या किती, लहान मासे किती, याची नोंद आपल्या वहीत आजपासून ठेवावी. इंग्लंडात पहिली खूण गळ टाकणाऱ्यांस दिसली होती. आपल्याकडे ती ढिवरास दिसेल. त्याचे म्हणणे कागदावर असेल, तर ते कोणासही टाळता येणार नाही.