बेळगावचं बुश

मंडळी, आमच्या बेळगावात फियाट म्हणजे घरातलं माणूस. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात 1964 पासून 1100 डिलाइट बनू लागली. 1974 मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. तिथून सळ्या आणि सांधे थेट गिअरबॉक्सपर्यंत, सांध्यांत छोटी बुशं. ती झिजली की दांडा लुळा पडायचा, गिअर मध्येच अडकायचा. गिअरबॉक्सच गेला म्हणून टॅक्सीवाल्यांच्या पोटात गोळा! आमचे कन्नडभाषी मिस्त्री मात्र आधी खाली वाकून सांधे हलवून बघायचे. "बॉक्स बरा आहे की हो, बुश गेलंय!" उद्यमबागेत लेथवर नायलॉनचं बुश कातून आणायचं, ग्रीस लावून बसवायचं, सळीची लांबी जुळवायची, संध्याकाळी गाडी परत धंद्यावर. बाबांची टॅक्सी अशीच चालत राहिली आणि तिच्यावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. भाषेवरून बाहेर केवढं रान पेटायचं, पण गाडीखाली 'बुश' आणि 'प्ले' हे शब्द दोघांचेही होते. या शतकाच्या सुरुवातीला पद्मिनी बनायची थांबली. ते हातांनी ओळखणारे मिस्त्रीही आता विरळाच. तुमच्या गावात कोण होते? नक्की लिहा.