सारसाची हाक

गोंदिया जिल्ह्यातल्या परसवाड्याच्या तलावावर सारस आधी ऐकू येतो, मग दिसला तर दिसतो. पहाटे पाळीवर उभं राहिलं की समोरच्या धानाच्या बांध्यांवर धुकं बसलेलं असतं, दहा पावलांवरचा धुराही कळत नाही. आणि एकाएकी त्या पांढऱ्यातून तुतारी फुंकल्यासारखा आवाज येतो. एक लांब, खर्जातला. त्याला लागून दोन आखूड, वरच्या पट्टीतले. पुन्हा लांब, पुन्हा दोन आखूड. नवख्याला वाटतं, एकच पक्षी ओरडतोय. असतात दोन: लांब सूर नराचा, तोकडे मादीचे. डोळ्यांना सारसाचे नर-मादी सारखेच दिसतात, नर थोडा थोराड एवढंच. आवाज मात्र कोण कोण आहे ते लगेच सांगून टाकतो.

माणसाला हे कळायला बराच काळ लागला. आधी त्याने पक्ष्यांच्या आवाजातून नावं काढली. टिटवी, कावळा, कोकीळ यांची नावं त्यांच्याच तोंडची. तसाच संस्कृतातला क्रौंच, आणि त्याच घराण्यातला आपला करकोचा. ‘सारस’ची गोष्ट वेगळी. तो शब्द ‘सरस्’वरून, म्हणजे तळ्यावरून आला. एकाला ओळखलं आवाजावरून, दुसऱ्याला पत्त्यावरून. मग वाल्मीकीच्या डोळ्यांदेखत व्याधाने मारला तो क्रौंच नेमका कोण, यावर पंडितांचे वाद झाले. बगळ्यापासून कुररीपर्यंत सगळ्यांवर संशय गेला. १९९८ मध्ये ज्युलिया लेस्ली या अभ्यासक बाईंनी एका लेखात सगळे दाखले तपासून सारसाच्या बाजूने कौल दिला. जोडीने राहणं, लाल डोकं आणि मागे राहिलेल्या मादीचा आक्रोश, हे सगळं एकत्र बसतं ते सारसातच. मला तो निवाडा पटतो. आदिकाव्याचं मूळ एका पक्ष्याच्या ओरडण्यात आहे, आणि तो पक्षी आज महाराष्ट्रात मुख्यतः गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत उरला आहे, हे मात्र आमच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

शोक ऐकण्याची ही सवय पुढेही टिकली. जहांगीर बादशहाने सारसाची एक जोडी पाळली होती, लैला-मजनू नावाची. १६१८च्या सुमाराला त्यांनी अंडी घातली, तेव्हा बादशहाने एखाद्या सुईणीच्या बारकाईने नोंदी केल्या. मादी रात्रभर अंड्यांवर बसते, नर शेजारी पहाऱ्याला उभा राहतो, हे त्याने लिहून ठेवलं. पण त्याच्याच आत्मचरित्रात दरबारातल्या माणसाने सांगितलेली, जोडीदाराच्या विरहात झुरून मेलेल्या सारसाची गोष्टही आहे. निरीक्षण आणि आख्यायिका एकाच दौतीतून उतरली आहेत. एक गेला की दुसरा प्राण सोडतो, असं आजही गावोगाव सांगतात. प्रत्यक्षात मागे राहिलेला सारस पुढे नवा जोडीदार करतो. गोष्टीपुरतं ते सोयीचं नाही.

प्रेम, शोक, निष्ठा हे ऐकणाऱ्यांनी आपल्या पदरचं घातलं. आवाज स्वतः काय सांगतो ते पाहायला छाती उघडावी लागली. सारसाची श्वासनलिका मानेतून सरळ फुप्फुसात उतरत नाही. ती छातीच्या हाडात शिरते, तिथे वेटोळं घेते आणि मग आत वळते. लांब शिंग गुंडाळून बरगड्यांत ठेवावं तसं. नळी लांब झाली की सूर भारदस्त होतो. १९९९ मध्ये संशोधक टेकमसे फिच यांनी मांडलं की अशा लांबलेल्या नळीमुळे पक्षी आहे त्यापेक्षा मोठा भासतो. अंधारात, धुक्यात, उंच लव्हाळ्यापलीकडे ज्याला फक्त ऐकू येतं, त्याला हा बडेजाव. सारस मुळातच जवळजवळ सहा फुटी, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यांत उंच. तरी त्यालाही थोडं फुगवून सांगावंसं वाटतं! पिल्लाला मात्र ही सोय नसते. पहिलं वर्षभर त्याचा आवाज चिवचिवता, बारीक. नळीचं वेटोळं पुरतं बसलं की मिसरूड फुटलेल्या पोरासारखा त्याचा आवाज फुटतो.

या हाकेचा सगळ्यांत कल्पक वापर केला तो जॉर्ज आर्चिबाल्ड या कॅनेडियन माणसाने. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्यांनी जगभरच्या क्रौंचजातींची, म्हणजे सारसाच्या सगळ्या भाऊबंदांची, जोडीची हाक अभ्यासली: कोण सूर धरतो, कोण पंख उचलतो, मादीचे किती सूर नराच्या एका सुराला बसतात. लग्नात उखाण्यावरून घराणं ओळखावं, तसं त्यांनी हाकेवरून नातं लावलं. आफ्रिकेतले तुरेवाले क्रौंच बाजूला पडले. त्यांच्या छातीत वेटोळंही नाही. पुढे डीएनएचे अभ्यास झाले, आणि हाकेवरून बांधलेली वंशावळ बऱ्याच अंशी टिकली. रेणूंच्या साक्षीनंतर सारसाच्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग ‘ग्रस’वरून ‘अँटिगोनी’ झाला. आर्चिबाल्ड यांनी १९७३ मध्ये मित्र रॉन सॉवी यांच्याबरोबर विस्कॉन्सिनमध्ये क्रौंचांसाठी संस्था काढली. ती आजही चालते.

दोघांची हाक हा नियम समजला जात होता, तोवर आपल्याकडचे पक्षी-अभ्यासक गोपी सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तिघांची हाक जगापुढे ठेवली. हजारो नोंदींत १९३ त्रिकुटं सापडली. तिघं मिळून सूर लावतात. आदर्श दांपत्याच्या कीर्तनकारांनी यावर काय म्हणावं, ते त्यांचं ते पाहोत.

मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. ही हाक प्रेमगीत असेल, पण त्याहून जास्त ती सातबारा आहे. इथला सारस स्थलांतर करत नाही. एक जोडी एक तलाव, भोवतालच्या बांध्या, देवधानाचा, म्हणजे रानधानाचा, एखादा पट्टा धरून राहते, आणि पहाटे ओरडून तो दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाहीर करते. शेजारची जोडी उत्तर देते. सीमा अशी ठरते, तलाठ्याशिवाय. पण सीमेला तळं लागतं. कोहळी समाजाने खोदलेले मालगुजारी तलाव गाळाने भरत गेले, काठच्या जमिनी कसल्या गेल्या, बांध्यांत कीटकनाशकं आली, वर विजेच्या उच्चदाबाच्या तारा आल्या. गोंदियात सारसांची संख्या आता पन्नाशीच्या आत आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या बातमीची स्वतःहून दखल घेऊन याचिका दाखल करून घेतली. ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते आणि शेतकरी सारसमित्र वर्षानुवर्षं घरटी राखतात, उन्हाळ्याच्या शेवटाला पहाटे तलावातलावावर बसून मोजणी करतात. जर्मनीत बर्नहार्ड वेसलिंग यांनी नुसत्या ध्वनिमुद्रणावरून एकेक क्रौंच जोडी वर्षानुवर्षं ओळखून दाखवली. इतक्या थोड्या पक्ष्यांच्या जिल्ह्यात तसं प्रत्येक जोडीच्या आवाजाचं दफ्तर ठेवणं काही अवघड नाही.

त्या सकाळी परसवाड्याला धुकं सुटलं तेव्हा दोघं दिसले, माना सरळ वर, चोची आभाळात. नराचे पंख पाठीवर किंचित उचललेले. सूर थांबला. माना खाली आल्या, पण चरायला नाही. दोघंही एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले, काही ऐकत असल्यासारखे. बऱ्याच वेळाने नदीकडून, बालाघाटच्या बाजूने, फार पुसट असा एक लांब सूर आला.