उलट्या पायडलचा ब्रेक

कामाच्या जागी बाजूला उभं राहून बौद्धिकदृष्ट्या अक्षम तरुणांना काम शिकवणारा ‘जॉब कोच’ आता अनेक देशांत दिसतो. त्याच्या पद्धतीचं कूळ शोधायला गेलं तर सायकलचे सुटे भाग हाती लागतात.

आधी पंप. १९५५ मध्ये क्लार्क आणि हर्मेलिन या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की लंडनजवळच्या एप्समच्या मॅनर रुग्णालयातली अतिशय कमी बुद्ध्यांकाची प्रौढ माणसं सायकलचा पंप जोडायला, टीव्हीच्या प्लगला तारा डाखायला शिकली. पहिल्या दिवशीची त्यांची धांदल पाहून पुढचा अंदाज बांधणं चूक होतं.

मग ब्रेक. मार्क गोल्ड हे लॉस एंजेलिसमध्ये विशेष मुलांचे शिक्षक, पुढे इलिनॉय विद्यापीठात संशोधक. अमेरिकेत अशा लोकांसाठी असलेल्या संरक्षित कार्यशाळांमधलं काम म्हणजे बहुधा पाकिटं भरणं, वस्तू मोजणं. मजुरीही कमी, कारण १९३८ च्या कायद्यातल्या एका कलमाने किमान वेतनातून सूट दिलेली. गोल्डनी मुद्दाम अवघड काम निवडलं. पायडल उलटं मारलं की मागचं चाक थांबवणारा ब्रेक. आपल्याकडे तो क्वचितच दिसला. त्याचे सुटे भाग पंधरा, दुसऱ्या एका नमुन्याचे चोवीस.

चार कार्यशाळांतल्या चौसष्ट जणांना हे काम दिलं. निम्म्यांना भाग कारखान्यातून आले तसे. उरलेल्यांच्या भागांना लाल रंग, तोही एकाच बाजूला. भाग नीट बसला की रंगवलेली बाजू जोडणाऱ्याकडे यायची. रंगवाले कितीतरी लवकर शिकले. १९७२ मध्ये हे छापून आलं. शिकणारे सारखेच, ब्रेकही तोच. बदलली ती फक्त मांडणी.

गोल्ड बोलायचे कमी. बरोबर जमलं की गप्प, चुकलं की एवढंच : दुसऱ्या तऱ्हेने करून बघ. ‘शाब्बास’ जवळजवळ नाहीच. हे कोरडं वाटेल. मला मात्र त्यात मान दिसतो. कारखान्यात फिटरला दर बोल्टमागे कोण शाबासकी देतं? शिवाय शिकणारा अडला, तर दुसरी तऱ्हा शोधायची जबाबदारी शिकवणाऱ्यावरही होती.

गोल्ड १९८२ मध्ये वारले. १९८६ मध्ये अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यात दुरुस्ती होऊन ‘सपोर्टेड एम्प्लॉयमेंट’ला पैसा आणि जागा मिळाली : आधी खरी नोकरी, शिकवणं तिथंच, जॉब कोचकडून. १९३८ चं ते कलम मात्र त्यानंतरही रद्द झालं नाही.